होल्टपर्यंत नेलेली वाफ

ओड्नीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका मेंढ्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती. सप्टेंबर सरत आला होता, कत्तलीचे दिवस होते. तिनं सुरी फिरवली, रक्त परातीत धरलं आणि मान वर न करता मला विचारलं, "रक्त ढवळता येतं का?" येतं म्हटलं. "मग घाल हात. गुठळी होऊ देऊ नकोस." एवढ्यावर मला लौगाकोटच्या शेतावर नोकरी लागली. माझं नाव तिनं संध्याकाळी विचारलं, तोवर आमचे तेवीस मेंढे सोलून झाले होते.

ती ठेंगणी होती, मनगटं पुरुषासारखी रुंद. नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिचा हात आधी चालायचा आणि विचार मागून धापा टाकत यायचा. नवरा ग्रीमुर याच्या उलट. तो वाक्याच्या मध्यावर थांबून पाइप ओढायचा आणि उरलेलं वाक्य कधीकधी दुसऱ्या दिवशी बोलायचा. लोक म्हणायचे, देवानं या दोघांत एकच घाई वाटली आणि ती सगळी बाईकडं गेली. मी त्या घरात एकवीस वर्षं काढली. तिचा मार एकदा खाल्लाय आणि तिच्या हातचं अगणित वेळा जेवलेय, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे.

घर होतं गवताळ मातीच्या लाद्यांचं, आमच्या आइसलँडात तेव्हा सगळ्यांचीच तशी असायची. जमिनीतून विटांसारख्या लाद्या कापायच्या, एकावर एक रचायच्या, वर पुन्हा त्याच. आत एक लांबट खोली. सगळे तिथंच झोपायचे, तिथंच लोकर विंचरायचे, तिथंच मरायचे. चूल फक्त स्वैपाकघरात आणि तीही मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांवर. धूर एवढा की जानेवारीपर्यंत प्रत्येकाचा खोकला आम्ही आवाजावरून ओळखायचो. खोलीत ऊब म्हणाल तर माणसांच्या अंगाची आणि फळ्यांखाली बांधलेल्या दोन गाईंची. आज रेक्याविकमध्ये माझ्या सुनेच्या घरात भिंतीभिंतीतून जमिनीतलं गरम पाणी फिरतं, आणि खोली फार तापली की ती सरळ खिडकी उघडते. तिचं काही चुकत नाही, पण मला त्या खिडकीचा फार राग येतो.

१९१८ सालच्या हिवाळ्याला आमच्याकडं नुसतं 'तो हिवाळा' म्हणतात. खाडी गोठली, मग समुद्र गोठला. लौगाकोटला भिंतीच्या आतल्या अंगाला बर्फ धरला, पांघरूण भिंतीला चिकटायचं ते ओढून फाडावं लागायचं. ओड्नीची पाच वर्षांची मुलगी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेली, सात महिन्यांचा मुलगा त्यानंतर अकरा दिवसांनी. दोघांचीही छाती भरली होती. जमीन लोखंडासारखी झालेली, खड्डा खणता येईना. दोन पेट्या कोठीघरात ठेवल्या, टांगलेल्या मटणाच्या खाली, मे महिन्यापर्यंत. मटण काढायला आत जायचं तर त्या पेट्या ओलांडूनच जावं लागायचं.

एकदा ग्रीमुर म्हणाला, खाली गरम झऱ्याजवळची जमीन मऊ आहे, तिथं पुरू या का? तो बिचारा रडत बोलला होता. ओड्नीनं हातातली दुधाची बादली त्याच्या अंगावर फेकली. कपाळ फुटलं. "माझी पोरं मला शिजवायची नाहीत," ती म्हणाली.

तो झरा घरापासून दोनशे पावलं खाली होता. त्याला आम्ही 'म्हातारी' म्हणायचो. खडकातलं एक उकळतं भोक, सदा फुरफुरणारं, शेजारी उकळत्या पाण्याचं डबकं. पण म्हातारीचा एक स्वभाव सगळ्या खोऱ्याला पाठ होता. तिच्या तोंडात गवताची लादी टाकली की ती पिसाळायची. क्षणभर गप्प व्हायची, मग लादी, दगड, पाणी, सगळं चर्चच्या मनोऱ्याएवढं उंच थुंकायची. लहान मुलं लपून हा खेळ करायची आणि मार खायची. मोठ्यांनी मात्र तो करायचा नसे. दुसऱ्याच्या झऱ्यात लादी टाकणं म्हणजे त्याच्या दारात उभं राहून त्याच्या तोंडावर थुंकणं. आमच्या खोऱ्यात या एका गोष्टीवरून एकेकाळी माणसं मारली गेलीत.

पोरं गेल्यावर दीड वर्षानं ओट्टर जन्मला. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओड्नी रात्रंदिवस तो आवाज ऐकत बसायची. पलीकडच्या जिल्ह्यात एका शेतकऱ्यानं झऱ्याची वाफ पाइपातून घरात नेल्याची बातमी त्याच सुमाराला आली. ग्रीमुर म्हणाला, विचार करू. ओड्नी म्हणाली, विचार माझा झालाय, तू पाइप शोध. ओट्टरला गारठ्यात वाढू द्यायचं नाही, याच्यापलीकडं तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

अडचण होती तिच्या थोरल्या भावाची. हल्लुर शेजारच्या होल्ट नावाच्या शेतावर राहायचा. बापानं मरताना होल्ट मुलाला दिलं, लौगाकोट मुलीला, आणि हद्द सांगितली 'झऱ्यापर्यंत'. आता झऱ्यापर्यंत म्हणजे झरा कुणाचा, हे विचारायच्या आत म्हातारा गेला. पंचवीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. दोन्ही घरच्या बायका तिथं लोकर धुवायच्या, दोन्ही घरची राय नावाच्या धान्याची भाकरी तिथल्याच गरम मातीत पुरलेल्या डब्यांत शिजायची. वाफ न्यायची बातमी फुटल्यावर मात्र हल्लुरला एकदम बाप आठवला. वाफ तुम्ही ओढून घेतलीत की म्हातारी मरणार, मग माझी भाकरी तुझी आई भाजणार का, असा निरोप त्यानं ग्रीमुरला धाडला.

त्या सप्टेंबरात मेंढ्यांच्या वाटणीला खोरं जमलं. डोंगरातून हजारभर मेंढ्या खाली आणायच्या, मोठ्या गोल वाड्यात कोंडायच्या, कानांवरच्या खुणा पाहून ज्याच्या त्याच्या खणात ओढायच्या. दारूबंदी होती, म्हणून दारू फक्त लपवलेल्या बाटल्यांत होती, आणि लपवलेल्या बाटल्या सगळ्यांकडं होत्या. हल्लुरनं भरपूर घेतली होती. तो खणाच्या भिंतीवर चढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, तू म्हातारीवर झाकण ठेव, मी तिच्या तोंडात लादी कोंबतो. बघू तुझं घर तापतं का उडतं."

ग्रीमुर मुंगीला न दुखवणारा माणूस. पण सगळ्या खोऱ्यादेखत लादीचं नाव निघालं होतं. पहिला ठोसा त्यानंच मारला, आणि तो चुकला. हल्लुरचा चुकला नाही. जबडा मोडल्याचा आवाज मला मेंढ्यांच्या ओरडण्यातूनही ऐकू आला. ग्रीमुर शेणात पडला, तरी हल्लुर त्याच्या बरगड्यांत बूट घालत राहिला. कुणी मध्ये पडेना, आमच्याकडं वाटणीच्या दिवशी मध्ये पडायची रीत नाही. ओड्नीनं खणाच्या फाटकाचा अडसर उपसला आणि सख्ख्या भावाच्या तोंडावर आडवा मारला. तीन दात गेले. फाटक उघडं राहिल्यामुळं मेंढ्या सुटल्या त्या वेगळ्याच, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही त्या शोधत होतो.

त्यानंतर बहीणभाऊ बोलले नाहीत. ओड्नी त्याला 'तो होल्टवाला' म्हणायची. चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसत.

पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. किनाऱ्यावर एक फुटलेलं जहाज पडलं होतं, त्याचे पाइप आम्ही घोड्यांवर लादून दोन दिवसांच्या वाटेनं आणले. झऱ्याभोवती दगड आणि सिमेंटची पेटी बांधायची, वर झाकण, झाकणातून पाइप घराकडं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात म्हातारी दर थोड्या वेळानं उसळायची, आणि उसळली की सगळ्यांनी पळायचं. ग्रीमुर एकदा कमी पळाला, त्याच्या नडगीची कातडी मोज्यासारखी उतरली. सिमेंटची गोणी वाहणारी तपकिरी घोडी गरम चिखलात पोटापर्यंत रुतली. ती माणसासारखी किंचाळत होती. ग्रीमुर तिच्या नावानं हाका मारत नुसता उभा राहिला. ओड्नीनं कुऱ्हाड आणली, फळीवर पालथं पडून पुढं सरकली आणि तिच्या कपाळात घातली. मग तिथंच बसून तिनं अर्धा तास घोडीच्या आयाळीत बोटं फिरवली आणि उठून सिमेंट कालवलं.

ग्रीमुरचा जबडा वाकडा जुळला होता, बोलताना शब्द कडेनं सांडायचे. तरी दोन गोष्टी त्यानं आम्हाला घोकून घोकून शिकवल्या. एक, झाकणाला ठेवलेलं श्वासाचं भोक कधी बुजू द्यायचं नाही. जादा वाफ तिथून जाते, ते बुजलं तर पेटी फुटेल. दोन, पाइप उघडा ठेवायचा नाही, नाहीतर वाफ वाटेतच थंड होऊन पाणी होते. म्हणून आम्ही सगळा पाइप गवताच्या लाद्यांत गुंडाळला आणि घोड्याच्या केसांच्या दोरानं आवळून बांधला. लाद्या कापून कापून माझ्या तळहाताला जे घट्टे पडले ते जन्माचे राहिले.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला, दुपारी, वाफ घरात आली. आधी पाइप खडखडला, मग भिंतीलगतचं पाइपाचं वेटोळं गुरगुरलं, मग सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि मग ऊब. तासाभरात भिंती गळायला लागल्या, इतक्या वर्षांचा ओलावा बाहेर पडत होता. ग्रीमुरच्या म्हाताऱ्या बापानं सदरा काढला. त्याचे उघडे दंड त्याच्या मुलानंसुद्धा कधी पाहिले नव्हते. ओट्टर जमिनीवर अनवाणी धावला. ओड्नी कोपऱ्यात उभी होती. ती रडली नाही, पण दोन्ही हातांनी भिंत धरून उभी होती.

त्या हिवाळ्यात काय काय झालं सांगते. धुतलेले कपडे एका दिवसात वाळले, एरवी ते आठवडाभर गोठून उभे राहायचे. कोपऱ्यातलं दूध गोठलं नाही. खोकले एकेक करून बंद झाले. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी जागी झाले आणि घरात इतकी शांतता होती की कुणीतरी मेलं असं वाटून मी सगळ्यांची नाकं तपासली. चुलीला लेंड्या कमी लागल्या, त्या शेताला गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात गवत दीडपट आलं. दीडपट गवत म्हणजे आणखी एक गाय. आणि ओट्टरच्या छातीतली शिट्टी नाताळापूर्वी थांबली. लोक मैलोन् मैल चालून ती खोली पाहायला आले, हात शेकून गेले आणि घरी जाऊन बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

होल्टहूनही एक जण यायची. हल्लुरची बायको स्टेनवर. हल्लुर मेंढ्यांमागं गेला की ती मागच्या दारानं यायची, पाठीवर ओले कपडे, काखेत चार वर्षांची आल्डीस. त्या पोरीच्या छातीतही शिट्टी होती. ओड्नी पोरीला वेटोळ्याशेजारी झोपवायची, तिची पावलं चोळायची. पण स्टेनवरनं एकदा धीर करून विचारलं की झाकणातून नुसती वाया जाते ती वाफ आम्हाला नेता येईल का, तेव्हा ओड्नीचा चेहरा दगड झाला.

"वहिनी, ज्याला हवी त्यानं स्वतः यावं," ती म्हणाली. "या दारात उभं राहून ग्रीमुरपुढं टोपी काढावी. मग बघू."

"तो नाही यायचा."

"मग नाही मिळायची."

स्टेनवर कपडे गोळा करून गेली, त्यानंतर आली नाही. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. पण ओड्नीनं काढलेली ती अट तेव्हा मलाही रास्त वाटली होती, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत तीन दिवस वारा घोंघावत होता. चौथ्या दिवशी दुपारी खोली गार पडायला लागली, म्हणून ओड्नी आणि मी फावडी घेऊन निघालो, पाइपावरच्या लाद्या कुठं उडाल्या का बघायला. बर्फ आडवा उडत होता, दहा पावलांपलीकडं दिसत नव्हतं. पेटीजवळ आलो तेव्हा वारा क्षणभर पडला आणि आम्हाला तो दिसला. हल्लुर. झाकणावर गुडघे टेकून, आमच्याकडं पाठ करून, श्वासाच्या भोकावर वाकलेला. शेजारी गवताच्या लाद्यांचा ढीग. एक लादी त्याच्या हातात.

ओड्नी ओरडली असती तर त्यानं वळून पाहिलं असतं. ती ओरडली नाही. चार ढांगांत ती पेटीवर चढली आणि फावडं दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या पाठीत घातलं, पुरतं, पात्याच्या अख्ख्या चपट्या बाजूनं. तो आवाज न करता पुढं कोलमडला, झाकणावरून घरंगळला आणि कमरेपर्यंत डबक्यात गेला. आवाज त्यानं तेव्हा केला. मी युद्धातून परत आलेले खलाशी पाहिलेत, बाळंतपणात गेलेल्या बायका पाहिल्यात, पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

ओड्नी डबक्याच्या काठावर पालथी पडली, मी तिचे पाय धरले, तिनं त्याची कॉलर पकडली. आम्ही त्याला बर्फावर ओढून काढलं. मी मोजे कापले. मोज्यांबरोबर काय काय आलं ते लिहीत नाही. तो बर्फावर थरथरत होता आणि दातांच्या फटीतून काहीतरी सांगत होता. मी कान जवळ नेला.

"पाइप धरा," तो म्हणत होता. "सुटला तर खाली घरंगळेल."

तेव्हा आम्ही पाहिलं. पेटीच्या पलीकडच्या अंगाला, बर्फाखालून एक पाइप वर आला होता. होल्टकडून. लाद्यांत नीट गुंडाळलेला, दोरानं बांधलेला, शेवटची दोन हात लांबी तेवढी उघडी. टोकाला दुधाच्या डब्याचं बूड ठोकून केलेली टोपी होती, भोकावर ठेवायची, आणि तिच्या कडेला बोटभर रुंद छिद्रं पाडली होती, म्हणजे जादा वाफ कोंडू नये. त्यानं आमच्या पेटीचा इतका विचार केला होता. उरलेल्या लाद्या त्या दोन हातांसाठी होत्या.

ओड्नी त्या टोपीकडं बघत राहिली. मग तिनं फावडं डबक्यात फेकलं आणि भावाला पाठीवर घेतलं. दोनशे पावलं चढ, त्या वाऱ्यात, तिच्या दीडपट वजनाचा माणूस. मला हात लावू दिला नाही.

भाजलेल्या माणसाला थंडी वाजते हे मला तोवर माहीत नव्हतं. हल्लुर हुडहुडी भरल्यासारखा कापत होता, आणि खोऱ्यात उबदार अशी एकच खोली होती. त्याला वेटोळ्याशेजारी निजवलं, माशाच्या तेलात भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या. स्टेनवर पोरीला घेऊन आली आणि पायथ्याशी बसली. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. डॉक्टर दोन दिवसांनी पोचले, पट्टी उचलून पाहिली आणि परत ठेवली. चौथ्या दिवशी जिल्ह्याचे अंमलदार आले. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा हल्लुर म्हणाला, "बर्फ होता. घसरलो." अंमलदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी लोकर विंचरत होते, विंचरत राहिले.

ते गेल्यावर ओड्नी त्याच्या उशाशी बसली. वाटणीच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"दादा, विचारायचं होतंस."

"दिली असतीस?"

दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. "नसती," ती म्हणाली.

"म्हणून नाही विचारलं." तो हसला असावा, पुढचे दात नव्हते त्यामुळं नीट कळलं नाही. मग छताकडं बघत म्हणाला, "पण गरम आहे हं. स्टेनवर सांगायची ते मला खोटं वाटायचं."

त्यानंतर तो फार बोलला नाही. बोलला ते पाइपाबद्दल. आठव्या दिवशी तापात त्यानं ओड्नीचं मनगट धरलं. ओढ्यापाशी पाइपाला पोट पडलंय, तो म्हणाला, तिथं दगड लावून उचल, नाहीतर पाणी साचेल आणि वाफ पुढं जाणार नाही. चढ सलग ठेव. एवढं त्यानं तीनदा सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. नवव्या दिवशी सकाळी तो गेला. त्याला आंघोळ स्टेनवरनं एकटीनं घातली, आम्हाला बाहेर काढून.

पहारीनं जमीन फोडून दफन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ओड्नीनं कुदळ उचलली. ग्रीमुर, ती आणि मी. तोवर वाऱ्यानं हल्लुरच्या पाइपावरच्या लाद्या जागोजागी उडवल्या होत्या, तेरा दिवस लागले. कडाक्याच्या थंडीत लाद्या कापता येत नव्हत्या, म्हणून तिनं आमच्याच गोठ्याची भिंत फोडली आणि त्यातल्या लाद्या वापरल्या. ओढ्यापाशी पाइपाला खरंच पोट पडलं होतं. तिनं दगड लावले, काढले, परत लावले, पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा पाहिला, समाधान होईना. ग्रीमुर म्हणाला, झालंय आता. त्याला तिनं अशी शिवी दिली की ती मी माझ्या नातवंडांनाही सांगितलेली नाही. जेवायला ती थांबायची नाही, चालता चालता वाळलेला मासा चावायची. कुणी हल्लुरचं नाव काढलं तर काम सोडून निघून जायची आणि थोड्या वेळानं लाल डोळ्यांनी परत यायची.

वाफ सोडली त्या दिवशी ओड्नी आणि मी होल्टला गेलो. जोडावर फडकी गुंडाळायला कुणीतरी हवंच होतं. स्टेनवर दारात उभी होती, तिनं नुसती बाजू दिली. पाइप खडखडला, कुठंही न अडता. अर्ध्या तासात भिंती गळायला लागल्या. आल्डीस आधी त्या वासानं रडली, मग वेटोळ्याजवळ गेली, मग तिथंच जमिनीवर आडवी झाली. झोपेत तिनं पांघरूण लाथेनं दूर सारलं. चार वर्षांत त्या पोरीनं पांघरूण दूर सारलं नव्हतं. स्टेनवर तिच्या उघड्या पावलांकडं बघत होती.

"ऊब नाही ना जायची मध्येच?" तिनं विचारलं. तिचा आवाज सपाट होता.

"नाही," ओड्नी म्हणाली. "चढ सलग आहे."

"बरं." स्टेनवरनं दार लावून घेतलं. "आता बोलते. वाफ येईपर्यंत थांबले होते. त्याला आंघोळ मी घातली. पाठीवर फावड्याचं अख्खं पातं उमटलेलं होतं, दांडा जोडतात तो खिळासुद्धा."

मी काहीतरी बोलायला गेले, तर ओड्नीनं मला हातानं थांबवलं.

"माझं होतं," ती म्हणाली.

स्टेनवर पुढं आली. तिनं ओड्नीचा उजवा हात धरला, मूठ उलगडली, आणि उघडा तळवा पाइपावर ठेवून वरून आपल्या हातानं दाबला, आपल्या हाताला फडकं गुंडाळून. चर्र असा आवाज झाला. ओड्नीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिनं हात ओढून घेतला नाही. मनगटं तिची रुंद होती, स्टेनवर वाळकी काडी. नुसता झटका दिला असता तरी सुटली असती. मी श्वास मोजत होते. सात झाले. आठ झाले. पोर झोपेत कुशीवर वळली.

स्टेनवरनं हात सोडला. तिनं फडकं बाहेरच्या बर्फात बुडवून आणलं आणि ओड्नीच्या तळव्याला बांधलं, घट्ट, दोन गाठी मारून. मग कॉफी ठेवली. तीन कप मांडले, आणि साखरेचा खडा ओड्नीच्या डाव्या हातात दिला, कारण उजव्यानं तिला तो धरता आला नसता.

आम्ही कॉफी प्यायलो. खोली इतकी गरम झाली होती की तिघींनी शाली काढल्या. निघताना स्टेनवर म्हणाली, "उद्या धुणं आहे माझ्याकडं. दोघी या." आम्ही गेलो.